तंजावरचा वाडा आणि बाबांचे गुडघे

आमच्या बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये एक तंजावरची बाहुली आहे. शेजारून कुणी जरा जोरात गेलं, तरी तिची मान डुलायला लागते. नवीन पाहुणे हमखास विचारतात, "तंजावरला जाऊन आलात वाटतं?" मी "हो" म्हणते आणि आतून बाबा लगेच दुरुस्ती करतात, "जाऊन आलो. बघून नाही आलो!"

त्यांचं काही चुकत नाही. २००९ साली आम्ही एका यात्रा कंपनीबरोबर दक्षिण दर्शनाला गेलो होतो. अकरा दिवसांत सतरा ठिकाणं. तंजावरला पोचेपर्यंत दुपारचे साडेतीन वाजले. मोठं देऊळ धावतपळत झालं, बाहुल्यांच्या दुकानात सव्वा तास गेला आणि वाड्यासाठी उरली चाळीस मिनिटं. तिकीट काढून आत शिरतो न शिरतो तोच शिट्टी वाजली. बाबा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते, पण गुडघ्यांनी कुरबुर सुरू केली होती. ते तिकिटाच्या खिडकीजवळच्या पायरीवर बसून राहिले, आणि आत जाण्याआधीच परत बसमध्ये चढले. आई बसमध्ये म्हणाली, "असू द्या. पुन्हा येऊ की आपण." पुन्हा काही जमलं नाही. आई जाऊनही आता सहा वर्षं झाली.

गेल्या गणपतीत बाबांनी अचानक विषय काढला. "मला तो वाडा बघायचाय." बाबांचं वय चौऱ्याऐंशी. पुण्याहून आलेला दादा म्हणाला, "या वयात बेळगावहून तंजावर? त्यापेक्षा कॉम्प्युटरवर सगळे फोटो दाखवतो तुम्हाला." बाबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि ते ताटावरून उठून हात धुवायला गेले. त्या रात्री मी ठरवलं की जायचं. आता येत्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं निघतो आहोत. बाबा, मी, हे आणि आमचा धाकटा.

गेले तीन महिने आमच्या घरात या प्रवासाची आखणी चालली आहे. त्यात जे शिकायला मिळालं, ते घरात म्हातारं माणूस असलेल्या आणखी कुणाच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहिते आहे.

आधी माणूस, मग महाल

पहिली चूक मीच केली. वही घेऊन बसले आणि "बघण्यासारखी ठिकाणं" अशी यादी करायला लागले. दरबार हॉल, घंटाघर, कलादालन, ग्रंथालय, संगीत महाल, शिवाय देऊळ, शिवाय कुंभकोणम. यादी दीड पानावर गेली. ह्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "ही तर पुन्हा तीच बस झाली. बाबांना विचारलंस का, त्यांना काय बघायचंय?"

खरंच विचारलं नव्हतं. विचारल्यावर बाबा म्हणाले, "मला मोडी बघायची आहे."

बाबांचे आजोबा बेळगावच्या बाजारात एका अडत दुकानाचे दिवाणजी होते. सगळं खातं मोडीत. बाबा आठ-नऊ वर्षांचे असताना आजोबांनी त्यांना शेजारी बसवून मोडी शिकवली. आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरं त्या रेघेला लटकवत जायचं. नंतर शाळेतून मोडी गेली, दुकानातून गेली, आजोबाही गेले. आता आमच्या ओळखीत मोडी वाचणारं दुसरं कुणी नाही. तंजावरच्या वाड्यात मराठी राजांच्या दप्तराचे मोडी कागद आहेत, हे बाबांनी कुठेतरी वाचलं होतं. "माझ्या आजोबांचं अक्षर आणि तिथल्या कारकुनांचं अक्षर एकाच वळणाचं आहे का, एवढंच बघायचंय," ते म्हणाले. "बाकी तुम्हाला काय बघायचं ते बघा की."

मी वहीतलं दीड पान फाडलं आणि नव्या पानावर एकच ओळ लिहिली. 'मोडी'. बाकीचं सगळं त्या ओळीभोवती बसवायचं ठरलं. वाडा बघायला जाताना घरातल्या ज्या माणसाला तो सगळ्यात जास्त बघायचा आहे, त्याच्या मनातली एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. ती पहिल्या सकाळी, पाय ताजे असताना पदरात पाडून घ्यावी. नंतर उरेल ते सगळं वरकड.

हा वाडा कुणाचा?

धाकट्याला मी सांगितलं, तू आधी वाड्याची माहिती काढ, मगच सोबत येणार. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "आई, तमिळनाडूत मराठी राजे कसे काय?"

गोष्ट आपल्या शेजारच्या विजापूरहून सुरू होते. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजेच एकोजीराजे, विजापूरच्या आदिलशाहीकडून दक्षिणेत गेले आणि १६७५च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. वाडा त्यांच्या आधीचा. सोळाव्या शतकापासून तो नायक राजांनी बांधला आणि भोसल्यांनी त्यात भर घातली. पुढे सुमारे पावणेदोनशे वर्षं तिथे मराठी राज्य होतं. शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले आणि १८५५ साली इंग्रजांनी ते खालसा केलं.

त्यातलं सगळ्यात ठळक नाव सरफोजीराजे दुसरे. १७९८ ते १८३२ ही त्यांची कारकीर्द. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली ते वाढले. १७९९ साली कंपनीशी तह झाला आणि राज्याचा कारभार हातातून गेला. उरला तो किल्ला, वाडा आणि ठरलेला तनखा. दुसरा एखादा शिकारीत आणि मेजवान्यांत रमला असता. सरफोजींनी पैसा पुस्तकांत घातला. १८२० साली ते काशीयात्रेला निघाले, तेव्हाही बरोबर पंडित होते आणि वाटेत ठिकठिकाणी पोथ्या मिळवणं, नकला करून घेणं चाललं होतं. नायकांच्या काळापासून चालत आलेला वाड्यातला ग्रंथसंग्रह त्यांनी असा वाढवला. तोच आजचा सरस्वती महाल. राजांनी वाड्यात छापखानाही काढला होता. इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद 'बालबोध मुक्तावली' तिथे १८०६च्या सुमारास छापला गेला. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी ते एक. पुण्यात पेशवाई चालू असताना तिकडे कावेरीकाठी मुलांसाठी मराठी पुस्तक छापलं जात होतं, हे ऐकून बाबा कितीतरी वेळ मान हलवत बसले. शोकेसमधली बाहुलीच जणू!

ही नाती नंतरही तुटली नाहीत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणी चिमणाबाई तंजावरच्या. १८८० साली लग्न होऊन त्या आल्या आणि त्यांच्याबरोबर तंजावरचं नृत्यसंगीतही बडोद्याच्या दरबारात आलं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरी मराठी घराण्यातले. आमच्या इंदूरच्या आत्याला मी फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तू आपल्याच गणगोताकडे निघालीस म्हण की!"

वाड्यात शिरल्यावर

वाडा म्हणजे एक इमारत नाही. अनेक इमारती आणि चौक एकमेकांना लागून आहेत, काही पडझड झालेल्या, काही नीट राखलेल्या. वेगवेगळ्या भागांची तिकिटं वेगळी असतात, त्यामुळे हाताशी सुटे पैसे ठेवावेत आणि तिकिटं फेकू नयेत. वेळा आणि सुटीचे दिवस भागागणिक बदलू शकतात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात फोन करून खात्री करायची, असं मी कॅलेंडरवर लिहूनच ठेवलं आहे. सण जवळ असेल तर जास्तच.

आमचा क्रम असा ठरला आहे.

पहिलं ठिकाण सरस्वती महालाचं संग्रहालय. इथे एक गोष्ट आधीच समजून घ्यावी, नाहीतर म्हाताऱ्या माणसाचा हिरमोड होतो. ग्रंथालयाचा मूळ संग्रह प्रवाशांसाठी उघडा नसतो, तो अभ्यासकांसाठी आहे. आपल्याला बघायला मिळतं ते शेजारचं संग्रहालय, काचेआड मांडलेल्या निवडक वस्तूंचं. ताडपत्रं, पोथ्या, चित्रं, जुने नकाशे असा तो ऐवज. संग्रहात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखितं आहेत. संस्कृत तर त्याच्या कितीतरी पट. ही हस्तलिखितं वेगळी आणि राज्यकारभाराच्या मोडी कागदांचे रुमाल वेगळे. मी बाबांना स्पष्ट सांगितलं, "बाबा, रुमाल सोडून कागद कुणी हातात देणार नाही. काचेतून जेवढं दिसेल तेवढंच." ते म्हणाले, "काचेतून चालेल. माझ्या डोळ्यांवर तरी दुसरं काय आहे?" त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालंय. तरीही एक भिंग पिशवीत टाकलंय.

दुसरं ठिकाण दरबार हॉल. रंगवलेले खांब, कमानी, छताजवळची चुनेगच्चीची कामं, आणि बसून निवांत बघता येईल असं चौकातलं वातावरण.

तिसरं कलादालन. हे १९५१ साली सुरू झालं. चोळ काळातल्या पंचरसी मूर्तींसाठी लोक लांबून इथे येतात. तिरुवेंगाडू गावच्या जमिनीतून निघालेली शिवाची मूर्ती माझ्या यादीतली एकुलती एक 'माझी' गोष्ट आहे. इ.स. १०११च्या सुमारास घडवलेली. शिव नंदीच्या पाठीवर कोपर टेकून उभा आहे, पण नंदी काही सापडला नाही. त्यामुळे हात नुसता हवेत टेकलेला. फोटोत बघूनही वाटतं, की आत्ता कुणीतरी शेजारून उठून गेलंय.

चौथं घंटाघर आणि उंच मनोरा. तिथले जिने अरुंद आणि उभे. बाबा तिथे जाणार नाहीत. चढू देत असले तर ह्यांनी आणि धाकट्याने जायचं, मी बाबांजवळ खाली बसायचं. हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं. ऐनवेळी "तुम्ही जा, मी थांबतो" असं म्हणायची पाळी म्हाताऱ्या माणसावर आली, की त्याला आपण ओझं झालो असं वाटतं. २००९ साली बाबांना पायरीवर बसलेलं बघितलं, तेव्हाचा त्यांचा चेहरा मी अजून विसरलेली नाही.

दोन दिवसांचं गणित

तंजावर एका दिवसात 'होतं', असं सगळे सांगतात. आम्ही दोन रात्री ठेवल्या आहेत. पहिल्या सकाळी फक्त वाडा. दुपारी जेवून झोप. दुसऱ्या दिवशी मोठं देऊळ, तेही उन्हं उतरल्यावर. राजराज चोळाने १०१० साली पुरं केलेलं हे बृहदीश्वराचं देऊळ वाड्यापासून जवळच आहे, रिक्षाने काही मिनिटांचा रस्ता. दुपारी दर्शन बंद असतं आणि आवारातली फरशी अनवाणी पायांना चटका देते, म्हणून बाबांसाठी जाड मोजे घेतलेत.

देवळातही आम्हाला एक मराठी काम आहे. १८०३ साली सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास आवाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. लिपी देवनागरी, त्यामुळे तो आम्हालाही वाचता येईल. फारच मोठा शिलालेख आहे, पुरा वाचणं शक्य नाही. धाकट्याने पैज लावली आहे की तो दहा ओळी तरी न अडखळता वाचेल. बाबा म्हणाले, "पाच वाचलास तरी डोसा माझ्याकडून."

मोसमाचं म्हणाल, तर मार्च ते जून तिकडे जाऊ नये, ऊन सोसत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पावसाळा. आपला पाऊस संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. राहता राहिले जानेवारी आणि फेब्रुवारी. जानेवारीच्या मध्यावर पोंगल, तेव्हा गाड्यांना तोबा गर्दी. म्हणून आम्ही महिनाअखेर धरली.

जायचं कसं? आम्ही रेल्वेच धरली. रात्रीच्या गाडीने बेळगावहून बंगळूर. तिथे माझ्या भाच्याकडे एक पूर्ण दिवस आणि एक रात्र मुक्काम. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हैसूरहून बंगळूरमार्गे जाणाऱ्या गाडीत बसायचं, ती रात्रीतून तंजावरला नेते. घाई असेल त्यांनी विमानाने तिरुचिरापल्लीला उतरावं, तिथून तंजावर साठेक किलोमीटर. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० साली बंद झाली, पण खालच्या बर्थसाठी त्यांचा वेगळा कोटा आहे, तो मागायला विसरू नये. तिकीट साठ दिवस आधी काढता येतं. मी एकसष्टाव्या दिवशीच गजर लावून बसले होते, हे कबूल करते!

दादाची शंका अजून मिटली नव्हती. त्याचंही बरोबर होतं. बापाची काळजी त्यालाही आहेच की. शेवटी आम्ही बाबांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी रक्तदाब बघितला, गुडघे बघितले आणि तीन अटी घातल्या. सलग एका तासापेक्षा जास्त उभं राहायचं नाही, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवायच्या आणि दमलो म्हणायला लाजायचं नाही. बाबांनी पहिल्या दोन मान्य केल्या. तिसरीवर म्हणाले, "बघू." मग दादाने गुपचूप एक घडीची काठी पाठवून दिली, उघडली की बसायची खुर्ची होते अशी. बरोबर चिठ्ठी होती, "फोटो पाठवा. बाबांचे. महालाचे नकोत."

खाण्यापिण्याची चिंता नाही. इडली आणि दहीभात बाबांना मानवतात. सांबार तंजावरच्या मराठी दरबारातच जन्माला आलं, आमटीत आमसुलाऐवजी चिंच पडली आणि संभाजीराजांच्या नावावरून त्याला सांबार म्हणू लागले, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्टच आहे, इतिहास म्हणून मी काही छातीठोक सांगणार नाही. पण वाड्याच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचं मराठी हस्तलिखित मात्र खरोखरच आहे. 'शरभेंद्र पाकशास्त्र' त्याचं नाव. ते छापूनही निघालंय. मिळालं तर तेवढी एक खरेदी करायची. बाहुली नको, घरात आहे.

मोडीची पाटी

या तयारीत एक गोष्ट आम्ही ठरवली नव्हती, ती आपोआप झाली.

दिवाळीनंतर एका रात्री धाकटा बाबांना म्हणाला, "आजोबा, तिथे काचेतला कागद तुम्ही वाचणार, आणि आम्ही काय नुसते उभे राहणार?" दुसऱ्या दिवशी बाबांनी ह्यांना सांगून पाटी आणली. बाजारात पाटी मिळायलाही चार दुकानं हिंडावी लागली. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला, की आजोबा-नातू बसतात. आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवायची. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, हे कळल्यावर पोराला कोण आनंद झाला! शुद्धलेखनात त्याचे गुण तिथेच जातात ना.

बाबा मात्र कडक मास्तर आहेत. तंजावरच्या मोडीचं वळण जरा वेगळं मानतात, असं मी वाचून दाखवलं, तेव्हा गंभीर झाले. म्हणाले, "मग मला वाचता नाही आली तर?" तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात भीती जाणवली. गुडघ्यांची नव्हती ती. इतक्या लांब जाऊन काचेसमोर उभं राहावं आणि अक्षरांनी ओळखच दाखवू नये, तर? मला काही सुचेना. धाकटाच म्हणाला, "नाही आली तर नाही आली. आपण दोघं मिळून लावू की."

मला कधी कधी तंजावरच्या त्या मराठी घरांचं वाटतं. साडेतीनशे वर्षं झाली, वाड्यातलं राज्य जाऊनही पावणेदोनशेच्या आसपास. शाळेत तमिळ, बाजारात तमिळ, तरी अजून काही घरांत चुलीपाशी मराठी बोलतात. आपल्या बेळगावकरांना भाषेचं बोलणं निघालं, की मोर्चा आणि फलक आठवतात. तेही महत्त्वाचं, मी नाही म्हणत नाही. पण तिकडे भाषा टिकली ती बहुधा अशीच, कुणीतरी संध्याकाळी पोराला शेजारी बसवून घेतलं म्हणून. आमच्या घरात मोडी बाबांबरोबर संपणार, असं मी गृहीत धरलं होतं. कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

काल रात्री बॅगा भरायचा मुहूर्त म्हणून मी नुसत्या खाली काढून ठेवल्या. बाबांनी त्यांच्या पिशवीत स्वतःच्या हाताने तीन वस्तू टाकल्या. भिंग, आजोबांच्या खात्याचं एक पिवळं पडलेलं पान आणि आईचा २००९ सालचा फोटो. वाड्याच्या दारात ती ऊन लागतंय म्हणून पदर डोक्यावर घेऊन उभी आहे.

"हा कशाला, बाबा?" मी विचारलं.

"तिनेही आत बघितलं नव्हतं," ते म्हणाले. आणि पोराला हाक मारली, "चल रे, पाटी आण. आज जोडाक्षरं."